रसायनशास्त्र मंडळाचा वार्षिक पुरस्कार समारंभ आणि न्यायसहायक रसायनशास्त्रावरील व्याख्यान: तारखेपासून हिशेबापर्यंत

जिल्हा किंवा विभागीय पातळीवर काम करणारी रसायनशास्त्र शिक्षकांची मंडळे वर्षातून एकदा पुरस्कार समारंभ भरवतात आणि त्याला जोडून एक व्याख्यान ठेवतात. न्यायसहायक रसायनशास्त्र, म्हणजे गुन्ह्याच्या तपासात उपयोगी पडणारे रसायनशास्त्र, हा विषय अलीकडे पुष्कळ ठिकाणी निवडला जातो, कारण त्याला विद्यार्थी आपणहून येतात. मात्र बहुतेक कार्यक्रमांत त्याच दोन चुका होतात. पुरस्कारांची निवड शेवटच्या आठवड्यात घाईने उरकली जाते, आणि स्वागत-सत्कारात वेळ गेल्यामुळे वक्त्याच्या वाट्याला जेमतेम पंचवीस मिनिटे येतात. दोन्ही चुका कार्यक्रमाच्या दिवशी दिसतात, पण त्या झालेल्या असतात कितीतरी आधी. म्हणून हे टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत त्याच क्रमाने पार पाडावेत.

टप्पा १: तारीख ठरवणे (किमान चार महिने आधी)

२८ फेब्रुवारी, म्हणजे राष्ट्रीय विज्ञान दिन, हीच तारीख हवी असा आग्रह बहुतेक कार्यकारिणींत धरला जातो. त्या दिवशी प्रत्येक महाविद्यालयाचा स्वतःचा कार्यक्रम असतो, बारावीच्या परीक्षा त्याच सुमारास चालू असतात आणि चांगल्या वक्त्यांना एकाच दिवसाची अनेक निमंत्रणे येतात. जानेवारीचा उत्तरार्ध किंवा ऑगस्टचा महिना यापेक्षा पुष्कळ सोयीचा पडतो. विद्यापीठाचे सत्र परीक्षांचे वेळापत्रक समोर ठेवूनच तारीख पक्की करावी.

वार शक्यतो शनिवार असावा. २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य शासनाच्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाला आहे, त्यामुळे शासकीय प्रयोगशाळेतील अधिकाऱ्याला शनिवारी येणे सोपे जाते. शिवाय या अधिकाऱ्यांना न्यायालयात साक्षीसाठी समन्स येतात, आणि समन्स आले की व्याख्यान बाजूला ठेवावेच लागते. कामकाजाचा दिवस निवडला तर हा धोका वाढतो.

*तपासणी: तारीख जाहीर करण्यापूर्वी सभागृहाचे आरक्षण लेखी मिळाले आहे का आणि सभागृह पूर्ण अंधारे करता येते का, हे स्वतः जाऊन पाहावे. अंधाराचे कारण सहाव्या टप्प्यात येईल.*

टप्पा २: पुरस्कारांचे नियम लिहून काढणे

अर्ज मागवण्यापूर्वी नियम कागदावर आले पाहिजेत, अर्ज आल्यानंतर नव्हे. अर्ज हाती आल्यावर केलेला नियम कितीही न्याय्य असला तरी तो कोणाला तरी डोळ्यांपुढे ठेवून केल्यासारखा दिसतो, आणि तो समज पुढे वर्षानुवर्षे पुसला जात नाही.

प्रत्येक पुरस्कारासाठी पुढील बाबी स्पष्ट कराव्यात:

१. पात्रता कोणत्या शैक्षणिक वर्षाची धरली जाईल आणि निकाल कोणत्या तारखेपर्यंत जाहीर झालेला असावा.
२. गुण एकूण धरायचे की केवळ रसायनशास्त्र विषयाचे. प्रात्यक्षिक परीक्षेचे गुण त्यात मोजायचे की नाही.
३. एखादा विषय पुनर्परीक्षेत उत्तीर्ण झालेला विद्यार्थी पात्र आहे का.
४. समान गुण आल्यास काय करायचे. पुरस्कार विभागून द्यायचा, की विशिष्ट विषयाचे गुण पाहायचे.
५. योग्य अर्ज न आल्यास पुरस्कार राखून ठेवता येईल का.

दुसऱ्या मुद्द्यावर सर्वाधिक गोंधळ होतो. मंडळाच्या क्षेत्रात दोन विद्यापीठांची महाविद्यालये येत असतील, तर एकाची श्रेणी दहाच्या मापावर असते, दुसऱ्याच्या जुन्या अभ्यासक्रमाची टक्केवारी असते, आणि श्रेणीवरून टक्केवारी काढण्याचे प्रत्येकाचे सूत्र वेगळे असते. हे रूपांतर मंडळाने स्वतः कधीही करू नये. एकतर विद्यापीठनिहाय स्वतंत्र पुरस्कार ठेवावेत, नाहीतर विद्यापीठाने दिलेले अधिकृत रूपांतर प्रमाणपत्र अर्जासोबत बंधनकारक करावे. पहिला मार्ग मला अधिक योग्य वाटतो, कारण दोन वेगळ्या परीक्षा देणाऱ्यांची दशांशापर्यंत तुलना करण्याला शास्त्रीय आधार नसतो.

देणगीदाराच्या नावाने दिल्या जाणाऱ्या पुरस्कारांच्या बाबतीत मूळ देणगीपत्र काढून वाचावे. पुष्कळदा ठेवीवरचे व्याज कमी झालेले असते, तरी रक्कम मात्र जुनीच जाहीर केली जाते आणि तूट चालू खात्यातून भरली जाते. मंडळ सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था म्हणून नोंदलेले असेल तर मूळ निधीला हात लावणे ही गंभीर बाब ठरते. कोषाध्यक्षांनी त्या वर्षाच्या व्याजाचा आकडा लेखी दिल्यानंतरच पुरस्काराची रक्कम जाहीर करावी.

एक सूचना नियमांच्या निमित्ताने करावीशी वाटते. विद्यार्थी आणि प्राध्यापक यांच्याबरोबर प्रयोगशाळा परिचर आणि प्रयोगशाळा सहायक यांच्यासाठीही एक पुरस्कार ठेवावा. द्रावणे वेळेवर आणि अचूक तयार होतात ती त्यांच्यामुळे, आणि पुरस्कारांच्या याद्यांत त्यांचे नाव सहसा नसते.

टप्पा ३: अर्ज, छाननी आणि निवड

अर्जाची मुदत कार्यक्रमाच्या किमान आठ आठवडे आधी संपावी. पुढचे काम दोन स्वतंत्र हातांनी व्हावे. छाननी करणाऱ्यांनी फक्त कागदपत्रे पूर्ण आहेत का आणि अर्जदार पात्र आहे का एवढेच पाहावे. गुणवत्तेवर मत देण्याचे काम निवड समितीचे आहे. दोन्ही कामे एकाच बैठकीत उरकली की अपुरे अर्जही “माहितीतला विद्यार्थी आहे” म्हणून पुढे सरकतात.

एका जिल्ह्यात रसायनशास्त्राचे शिक्षक मोजके असतात आणि जवळजवळ प्रत्येक अर्जदार समितीतील कोणाचा तरी विद्यार्थी, सहकारी किंवा नातेवाईक असतो. त्याला इलाज नाही, पण त्याची नोंद करणे आपल्या हातात आहे. ज्या पुरस्कारात सदस्याचा असा संबंध येतो, त्या पुरस्काराच्या चर्चेच्या वेळी त्याने खोलीबाहेर जावे आणि इतिवृत्तात “अमुक सदस्य या विषयाच्या वेळी उपस्थित नव्हते” असे वाक्य लिहावे. तो खोलीत बसून नुसता गप्प राहिला, तर या नियमाला अर्थ उरत नाही.

उत्कृष्ट शोधनिबंधाच्या पुरस्कारासाठी पुढील गोष्टी पडताळाव्यात. निबंधाचा डीओआय क्रमांक (निबंधाचा कायमस्वरूपी ऑनलाइन ओळख क्रमांक) उघडतो का. प्रकाशनाची तारीख ऑनलाइन धरायची की छापील अंकाची, हे नियमात लिहिले आहे का. अर्जदार हा त्या कामाचा मुख्य लेखक आहे का, आणि सहलेखकांची संमती आहे का. निबंध नंतर मागे घेतलेला तर नाही ना. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांची संख्या मोठी आहे, म्हणून निव्वळ निबंधांची संख्या मोजणे थांबवावे आणि अर्जदाराला एकच निबंध निवडून त्यावर एक पान लिहायला सांगावे.

आदर्श शिक्षक पुरस्काराच्या अर्जांना प्रमाणपत्रांच्या जाड फायली जोडलेल्या असतात. त्यांतून शिकवण्याविषयी फारसे काही कळत नाही. त्याऐवजी “गेल्या तीन वर्षांत आपल्या प्रयोगशाळेत किंवा वर्गात आपण केलेला एक बदल आणि त्याचा परिणाम” या विषयावर दोन पाने मागवावीत. सल्फ्युरिक आम्लाचा वापर कमी करण्यासाठी सूक्ष्म प्रमाणातील प्रयोग सुरू करणारा शिक्षक या दोन पानांत लगेच ओळखू येतो.

*सावधान: निवडीचा निर्णय सर्व सदस्यांच्या सह्या झाल्याशिवाय कोणालाही तोंडी सांगू नये. तोंडी अभिनंदनानंतर बदललेला निकाल मंडळाची पत घालवतो.*

टप्पा ४: वक्त्याला निमंत्रण

महाराष्ट्रात शासनाची मुख्य न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा मुंबईत सांताक्रूझच्या कालिना भागात आहे, आणि नागपूर, पुणे, छत्रपती संभाजीनगर, नाशिक, अमरावती, कोल्हापूर व नांदेड येथे प्रादेशिक प्रयोगशाळा आहेत. आपल्या विभागाची प्रयोगशाळा आधी पाहावी. जवळचा अधिकारी आपल्या भागातील प्रश्न जाणतो आणि प्रवासाचा खर्चही वाचतो. न्यायसहायक विज्ञान शिकवणाऱ्या शासकीय संस्थांमधील प्राध्यापक आणि निवृत्त रासायनिक विश्लेषक हेही उत्तम वक्ते ठरतात.

निमंत्रण देताना होणारी नेहमीची चूक म्हणजे ओळखीच्या अधिकाऱ्याला फोन करून होकार मिळवणे आणि तेवढ्यावर पत्रिका छापणे. सेवेतील अधिकाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू असतात. म्हणून क्रम असा ठेवावा: आधी वक्त्याची अनौपचारिक संमती, मग त्यांच्या प्रयोगशाळेच्या प्रमुखांच्या नावे मंडळाचे अधिकृत पत्र, मग कार्यालयाची लेखी परवानगी, आणि त्यानंतर पत्रिका. मानधन, प्रवासखर्च आणि भेटवस्तू यांविषयी पत्रातच स्पष्ट लिहावे आणि त्यांच्या कार्यालयाला काय चालते ते विचारावे. व्यासपीठावर अचानक पाकीट पुढे करून वक्त्याला संकोचात टाकू नये.

*तपासणी: समन्स आल्यास बोलू शकेल असा दुसरा वक्ता, शक्यतो निवृत्त किंवा अध्यापन क्षेत्रातील, आधीच विचारून ठेवला आहे का?*

टप्पा ५: व्याख्यानाची हद्द ठरवणे

“न्यायसहायक रसायनशास्त्र” एवढाच विषय कळवला, तर वक्ता बोटांच्या ठशांपासून डीएनएपर्यंत सर्व काही तासाभरात सांगण्याचा प्रयत्न करतो आणि श्रोत्यांच्या हाती काही लागत नाही. पत्रातच एक नेमका प्रश्न सुचवावा. उदाहरणादाखल:

शवविच्छेदनानंतर “व्हिसेरा (तपासणीसाठी काढलेले अंतर्गत अवयवांचे भाग) राखून ठेवला” असे बातमीत येते, तेव्हा तो मिठाच्या संपृक्त द्रावणात का ठेवतात, फॉर्मॅलिनमध्ये का नाही? फॉर्मॅलिनमुळे विषाच्या पुढच्या चाचण्यांत अडथळा येतो, या एका उत्तरातून विषशास्त्राची सारी विचारपद्धती उलगडते. किंवा: मद्यपी चालकाच्या रक्ताच्या नमुन्यात सोडियम फ्लुओराइड का घालतात आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मधील १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम ही मर्यादा प्रयोगशाळेत कशी मोजली जाते? तिसरा विषय नव्या कायद्याचा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) मध्ये सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद आहे, आणि ती राज्यांनी टप्प्याटप्प्याने अमलात आणायची आहे. रसायनशास्त्राच्या पदवीधरांना त्यातून कोणते काम मिळू शकते, हे ऐकायला विद्यार्थी उत्सुक असतात.

वक्त्याला दोन गोष्टी विनंतीपूर्वक कळवाव्यात. न्यायालयात प्रलंबित प्रकरणाचा तपशील सांगू नये. आणि लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणातील पीडित व्यक्तीची ओळख कोणत्याही रूपाने उघड होऊ नये, कारण भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार तो गुन्हा आहे. श्रोत्यांत शाळकरी मुले असतील तर मृतदेहांची छायाचित्रे दाखवू नयेत.

टप्पा ६: प्रात्यक्षिके

हा टप्पा सर्वांत जास्त तयारी मागतो आणि त्यालाच सर्वांत कमी वेळ दिला जातो. प्रात्यक्षिके वक्त्यावर सोपवू नयेत. मंडळातील दोन शिक्षकांनी ती आठवडाभर आधी त्याच सभागृहात, त्याच दिव्यांत आणि त्याच टेबलावर करून पाहावीत. तीन पुरेशी होतात.

*अ) लाचेच्या सापळ्याची पूड.* लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या सापळ्यांत नोटांना पूड लावली जाते, हे सर्वांनी वाचलेले असते. फिनॉल्फ्थॅलिनची पूड असेल तर धुण्याच्या सोड्याच्या द्रावणात हात बुडवल्यावर द्रावण गुलाबी होते. महाराष्ट्रातील सापळ्यांच्या अनेक न्यायनिर्णयांत अँथ्रासिनची पूड आणि अतिनील दिवा यांचा उल्लेख येतो. त्यात पूड निळसर चमकते. फिनॉल्फ्थॅलिनसाठी खऱ्या नोटा वापरू नयेत, त्याच आकाराचे साधे कागद घ्यावेत. पूड चिमूटभर पुरते. हातमोजे घालून ती कागदाला लावावी, कागद हाताळणाऱ्यानेही पातळ हातमोजेच घालावेत, आणि बोटे २५० मिलिलिटर पाण्यात एक चमचा धुण्याचा सोडा विरघळवलेल्या द्रावणात बुडवावीत.

येथे हमखास होणारी चूक अशी की सोड्याऐवजी हाताशी असलेला कॉस्टिक सोडा, तोही तीव्र, वापरला जातो. मग द्रावण क्षणभर गडद गुलाबी होते आणि पाहता पाहता पुन्हा पाण्यासारखे रंगहीन होते. फिनॉल्फ्थॅलिन साधारण ८.२ ते १० सामूच्या (पीएचच्या) दरम्यान गुलाबी होते, पण सामू फार वर गेला की त्याचा रंग पुन्हा नाहीसा होतो. तीव्र कॉस्टिकने त्वचा भाजते, हे वेगळेच.

अँथ्रासिन दाखवायचे असेल तर दीर्घ तरंगलांबीचा, ३६५ नॅनोमीटरचा दिवा घ्यावा आणि तो श्रोत्यांच्या डोळ्यांवर जाऊ देऊ नये. पांढरा कागद आणि डिटर्जंटने धुतलेले पांढरे कपडे त्याच दिव्यात निळे चमकतात, कारण त्यांत शुभ्रता वाढवणारी प्रतिदीप्त द्रव्ये असतात. म्हणून काळ्या, नवीन न धुतलेल्या कापडावर प्रयोग करावा. मग मात्र पांढऱ्या शर्टाची चमक मुद्दाम दाखवावी, कारण चमकले म्हणजे पूड नव्हे, हा मुद्दा त्यातून सहज पोहोचतो.

*आ) ल्युमिनॉल.* घटनास्थळी रक्ताचे पुसट डाग शोधण्यासाठी वापरले जाणारे हे रसायन रक्ताच्या संपर्कात अंधारात निळे चमकते. प्रयोगात मात्र खरे रक्त कोणत्याही परिस्थितीत वापरू नये. ताम्र क्षार रक्तातील लोहाच्या जागी उत्प्रेरकाचे काम करतो. ५०० मिलिलिटर पाण्यात ल्युमिनॉल ०.१ ग्रॅम, सोडियम कार्बोनेट २ ग्रॅम, सोडियम बायकार्बोनेट १२ ग्रॅम, अमोनियम कार्बोनेट ०.२५ ग्रॅम आणि मोरचूद (ताम्र क्षार, म्हणजे कॉपर सल्फेट) ०.२ ग्रॅम विरघळवावे. दुसऱ्या भांड्यात ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड २५ मिलिलिटर घेऊन ते पाण्याने ५०० मिलिलिटर करावे. दोन्ही द्रावणे काळोखात एकाच वेळी एका नरसाळ्यातून ओतली की निळा प्रकाश दिसतो.

तो प्रकाश मंद असतो. एका पडद्याच्या फटीतून दुपारचे ऊन आले तरी मागच्या रांगांना काहीच दिसत नाही. प्रोजेक्टर चालू राहिला तरी तेच होते, म्हणून त्यावर झाकण टाकण्याचे काम एका स्वयंसेवकाला नेमून द्यावे. दिवे मालवल्यावर डोळे सरावण्यासाठी दोन मिनिटे जाऊ द्यावीत आणि तेवढ्यात वक्त्याने बोलत राहावे. पेरॉक्साइड जुने असेल तर चमक येत नाही, त्यामुळे नवीन बाटली त्याच आठवड्यात आणावी.

*सावधान: काही पुस्तकांत मोरचुदाऐवजी पोटॅशियम फेरीसायनाइड सुचवलेले असते. ते वापरलेच तर त्याचा तीव्र आम्लाशी संपर्क होता कामा नये. त्यातून विषारी हायड्रोजन सायनाइड वायू निघू शकतो.*

प्रयोगानंतर सूत्रसंचालकाने “पाहा, असे रक्त ओळखतात” असे म्हणू नये. ल्युमिनॉलची चाचणी प्राथमिक आहे. ब्लीचिंग पावडर आणि तांबेही तशीच चमक देतात, आणि रक्त असल्याचे ठरवायला पुढच्या चाचण्या लागतात. आपण स्वतः तांबे वापरूनच चमक आणली, हे सांगणे हाच या प्रयोगाचा गाभा आहे.

*इ) शाईचे पृथक्करण.* पाण्यात विरघळणाऱ्या दोन-तीन काळ्या स्केचपेनांच्या शाईचे कागदी क्रोमॅटोग्राफीने रंग वेगळे करावेत. आधाररेषा पेन्सिलीने काढावी, पेनाने नव्हे. पाण्याची पातळी त्या रेषेच्या खाली राहावी. रंग वर चढायला पंधरा-वीस मिनिटे लागतात, म्हणून हा प्रयोग व्याख्यान सुरू होतानाच लावून द्यावा आणि शेवटी पट्ट्या दाखवाव्यात.

अंमली पदार्थ, त्यांच्या चाचण्यांची तीव्र आम्लयुक्त अभिकर्मके, आर्सेनिक आणि सायनाइड यांची प्रात्यक्षिके सभागृहात करू नयेत. अंमली पदार्थ जवळ बाळगणे हाच एनडीपीएस कायदा (अंमली पदार्थविरोधी कायदा), १९८५ खाली गुन्हा आहे. “थोडासा नमुना” ही सबब चालत नाही.

*तपासणी: चष्मे, हातमोजे, डोळे धुण्यासाठी स्वच्छ पाणी, वाळूची बादली आणि प्रथमोपचार पेटी टेबलाजवळ आहे का? पहिली रांग पुरेशी मागे सरकवली आहे का?*

टप्पा ७: सन्मानपत्रे आणि मानचिन्हे

विजेत्यांनी आपले नाव देवनागरीत आणि गुणपत्रिकेवरील स्पेलिंगप्रमाणे स्वतः लिहून द्यावे, आणि छपाईपूर्वीचा नमुना त्यांना पाठवून संमती घ्यावी. वडिलांचे नाव घालायचे की आईचे, हे विजेत्याने ठरवावे. सन्मानपत्रे क्रमांक घातलेल्या पाकिटांत आणि व्यासपीठावर बोलावण्याच्या क्रमानेच रचावीत. मानचिन्ह एकाच्या हातात आणि सन्मानपत्र दुसऱ्याचे, हा प्रकार केवळ या रचनेअभावी होतो.

टप्पा ८: कार्यक्रमाचा दिवस

क्रमाविषयी माझे मत ठाम आहे: आधी व्याख्यान, मग पुरस्कार. पुरस्कार आधी दिले की विजेते, त्यांचे पालक आणि मित्र छायाचित्रे काढून बाहेर पडतात आणि वक्ता रिकाम्या खुर्च्यांपुढे बोलतो. वेळेची विभागणी साधारण अशी असावी:

- स्वागत, प्रास्ताविक आणि वक्त्याचा परिचय मिळून १५ मिनिटे
- व्याख्यान ४५ मिनिटे, प्रात्यक्षिके २० मिनिटे
- प्रश्नोत्तरे २० मिनिटे
- पुरस्कार वितरण ३० मिनिटे, आभार ५ मिनिटे

व्यासपीठावरील प्रत्येकाचा पुष्पगुच्छ देऊन स्वतंत्र सत्कार करणे टाळावे. त्यातच वक्त्याचा वेळ जातो. वार्षिक सर्वसाधारण सभा त्याच दिवशी असेल तर ती सकाळी वेगळी घ्यावी, व्याख्यान आणि पुरस्कार यांच्या मध्ये नव्हे.

प्रश्न चिठ्ठ्यांवर मागवले तर लाजणारी मुलेही विचारतात. एका शिक्षकाने चिठ्ठ्या चाळून एकसारखे प्रश्न एकत्र करावेत. चालू प्रकरणांवरचे प्रश्न त्याच वेळी बाजूला काढावेत, म्हणजे वक्त्याला सर्वांसमोर नकार द्यावा लागत नाही.

पुरस्कार देताना विजेत्याने काय केले हे एका वाक्यात वाचून दाखवावे. नुसत्या नावाने सभागृहाला काही कळत नाही, आणि ज्याने दोन वर्षे एकाच संयुगावर काम केले त्याला ते वाक्य ऐकायचे असते.

टप्पा ९: कार्यक्रमानंतर

ताम्रयुक्त ल्युमिनॉल द्रावण सभागृहाच्या बेसिनमध्ये ओतू नये. ते लेबल लावलेल्या बाटलीत भरून महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत न्यावे आणि तेथील रासायनिक कचऱ्याच्या पद्धतीप्रमाणे त्याची विल्हेवाट लावावी. अँथ्रासिन आणि फिनॉल्फ्थॅलिन लागलेले हातमोजे, कापड आणि कागद पिशवीत बंद करावेत.

आठवड्याच्या आत वक्त्याला आणि त्यांच्या कार्यालयाला आभाराचे पत्र जावे, प्रवासखर्चाची रक्कम बँकेतून द्यावी, आणि अयशस्वी अर्जदारांनाही दोन ओळींचे पत्र पाठवावे. निवड समितीचे इतिवृत्त, गुणदानाचे तक्ते, देणगीनिहाय खर्च आणि प्रात्यक्षिकांच्या प्रमाणांचा कागद एकाच फाइलमध्ये लावून ती नव्या कार्यवाहांच्या हाती सही घेऊन द्यावी.